अमेरिकन गादी विकणे आहे

माझं पहिलं छापून आलेलं लेखन पाच ओळींचं होतं आणि ते मला आजही तोंडपाठ आहे. 'विकणे आहे. अमेरिकन गाडी. एकाच हातची, अत्यंत सुस्थितीत. सहा माणसे ऐसपैस. आतून-बाहेरून स्वच्छ. समक्ष पाहून खात्री करावी. डॉक्टरांचा बंगला, अंबड.' हे मी लिहिलं ते. छापून काय आलं ते पुढे सांगते, कारण सगळा घोळ तिथेच झाला.

नव्वद साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी अंबडच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते आणि आपल्याला मराठी येतं अशी माझी पक्की समजूत होती. वडिलांना मी आबा म्हणायची. आबा गावातल्या एका डॉक्टरसाहेबांकडे ड्रायव्हर होते, थोडेथोडके नाही, बावीस वर्षं. डॉक्टरसाहेबांनी हैदराबादेत एका परदेशी निघालेल्या माणसाकडून जवळजवळ नवी गाडी घेतली आणि ती आणायला आबा रेल्वेनं गेले. परत आले ते पिस्ता रंगाच्या, दुधाळ छपराच्या, बाजारातल्या गल्लीत वळता न येणाऱ्या त्या गाडीत बसून. तेव्हापासून तिच्या स्टिअरिंगला आबांखेरीज कुणाचा हात लागला नाही. जाहिरातीतल्या 'एकाच हातची' चा अर्थ हा होता.

गावात सगळे तिला इम्पाला म्हणत. ती इम्पाला नव्हती, पण आमच्याकडे कुठल्याही लांबलचक अमेरिकन गाडीला इम्पालाच म्हणायचे, आणि आबा कुणाकुणाला दुरुस्त करणार. पुढे सलग एकच बाक, त्यावर तीन माणसं मावायची. मागे तसाच दुसरा. गिअरचा दांडा खाली नव्हे तर स्टिअरिंगलाच लावलेला. आणि स्टिअरिंग डावीकडे. त्यामुळे नवीन माणूस हमखास उजवीकडचं दार उघडायचा, आत पाहायचा आणि आपलंच काहीतरी चुकलं असं तोंड करायचा. आबांना हे पाहायला फार आवडायचं. ते कधीच आधी सांगत नसत.

तिला त्यांनी कसं जपलं होतं ते सांगायला बसले तर ही गोष्ट राहून जाईल. सीटखाली उंदरांसाठी तंबाखूची पानं, क्रोमच्या पट्ट्यांना कापडातून गाळलेली राख, उन्हाळ्यात अंगावर सरकीच्या पोत्यांचा शिवलेला अंगरखा. रोज सकाळी सात वाजता ती चालू करून पाच मिनिटं कान देऊन उभे राहायचे. आई म्हणायची, माझा ताप कधी असा पाहिला नाही.

मागच्या सीटवर डॉक्टरसाहेब बसत. अडलेल्या बायका, साप चावलेली माणसं याच सीटवरून जालन्याला नाहीतर औरंगाबादला गेली. माझ्या वेळी आईलाही याच सीटवरून नेलं, तेव्हा पोटात का होईना, मीही बसले होते. आमच्या घरात त्या सीटवर कधीच न बसलेला माणूस एकच, तो म्हणजे आबा. "डायवरची जागा पुढं," असं म्हणत आणि मागची सीट झटकायची असली तरी दारात उभं राहून, वाकून, हात लांबवून झटकत. त्यांना कुणी मनाई केली नव्हती. 'मागं बस' असंही कुणी म्हटलं नव्हतं.

तर त्या वर्षी डॉक्टरसाहेबांचं पुण्याला मुलाकडे कायमचं जायचं ठरलं. बंगला विकला गेला होता. आबांची सोय त्यांनी जालन्यात एका बियाण्यांच्या कंपनीत, जीपवर, आधीच लावून दिली होती. राहिली गाडी. ती पुण्याला नेऊन ठेवणार कुठे? रविवारी सकाळी निघायचं होतं, आणि त्याआधीच्या रविवारी एक भंगारवाला येऊन तिच्याभोवती फेरी मारून गेला. म्हणाला, अख्खी ट्रकात चढणार नाही, शनिवारी संध्याकाळी गॅस कटर घेऊन येतो आणि इथंच तीन तुकडे करतो. हे तो आबांच्या समोर बोलला. आबांच्या हातात तेव्हा फडकं होतं, ते त्यांनी घडी करून खिशात ठेवलं, ओलंच.

डॉक्टरसाहेबांना ते दिसलं असावं. ते आबांना म्हणाले, "शनिवारपर्यंत चालवणारा माणूस मिळाला, तर तू म्हणशील त्याला देतो. मी मधे बोलणार नाही. जाहिरात देऊ. तुझी मुलगी लिहील."

मला दुसरं काय पाहिजे होतं. पाच ओळींची मर्यादा होती, म्हणून मी मॉडेल, इंजिन, पेट्रोल सगळं गाळलं. गाडी म्हटल्यावर इंजिन असणारच, असा माझा हिशेब. त्याच दुपारी एस.टी.नं जालन्याला जाऊन, एका छोट्या दैनिकाच्या कचेरीत कागद देऊन आले. सोमवारी रात्रभर मला झोप नव्हती.

मंगळवारी पेपर आला. आबा, आई आणि मी आमच्या ओट्यावर बसलो आणि मी जाहिरात मोठ्यानं वाचून दाखवली. जे लिहिलं होतं ते मला पाठ होतं, त्यामुळे मी कागदाकडे पाहिलं खरं, पण वाचलं डोक्यातलं. आबा पाचवीपर्यंत शिकलेले, अक्षराला अक्षर लावून वाचणारे. त्यांनी पेपर हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "चांगलं झालं." मग आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून गाडीपाशी जाऊन उभे राहिले. मीही गेले. कॉलेज काय, रोजच असतं.

अकराच्या सुमाराला पहिलं गिऱ्हाईक आलं. नवरा-बायको, जवळच्याच खेड्यातले, दोघंही पन्नाशीचे. बैलगाडी फाटकाबाहेर सोडलेली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

"ते अमेरिकेचं पाहायला आल्तो," नवरा म्हणाला. "लई जुनं हाय का?"

"जुनं हाय, पण बिलकुल ठणठणीत," आबा म्हणाले. "रोज सकाळी झटकतो."

"ऊन दाखवता का?" बाईंनी विचारलं.

"न्हाई, ऊन लागू देत न्हाई. रंग जातो."

"मंग ढेकणं झाली असतील."

आबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. बावीस वर्षांत त्या गाडीवर कुणी असा आळ घेतला नव्हता. त्यांनी पोत्यांचा अंगरखा ओढून काढला, मागचं दार उघडलं आणि म्हणाले, "बसून पाहा, बाई. एक ढेकूण दाखवा, फुकट घेऊन जा."

बाई आत बसल्या. दोनदा बूड उचलून आपटून पाहिलं. मग आडव्या झाल्या. आम्ही तिघंही बाहेर उभं राहून वाट पाहत होतो. आतून आवाज आला, "गादी झ्याक हाय हो. पाठीला बराबर लागती. पण ही काढायची कशी? सगळा डबाच घ्यावा लागंल का?"

नवऱ्यानं खिशातून पेपरचं कात्रण काढलं आणि माझ्या हातात दिलं. मी ते त्या दिवशी पहिल्यांदा खऱ्या अर्थानं वाचलं. 'विकणे आहे. अमेरिकन गादी.' खाली माझी बाकीची वाक्यं जशीच्या तशी. सहा माणसे ऐसपैस. आतून-बाहेरून स्वच्छ. माझे कान तापले. एका अक्षरानं माझं सगळं लेखन पाठीवर झोपवलं होतं.

त्या दिवसापासून शुक्रवारपर्यंत जी रांग लागली ती आठवली की आजही मला हसू आवरत नाही. तेव्हा मात्र रडू येत होतं. अंकुशनगरहून एक गृहस्थ आले, जावई पहिल्या दिवाळसणाला येणार होता. एक लॉजवाले आले, त्यांना सहा माणसं एका गादीवर मावतात यात फारच गोडी वाटली. एक रिटायर गुरुजी नुसतं विचारायला आले की ही अमेरिकेतली कुठल्या महाराजांची गादी, आणि ती विकता कशी येते. आबा प्रत्येकाला गाडी दाखवत. काय सांगावं, एखादा झोपायला आलेला माणूस चालवायला तयार होईल. मला मात्र कुणी फाटक वाजवलं की आत पळावंसं वाटायचं.

बुधवारी मी एस.टी. पकडून पुन्हा जालन्याला गेले होते, भांडायला. मला राग लवकर येतो आणि तेव्हा तर मी तयारी करून गेले होते, वाटेत गोलापांगरीपर्यंत वाक्यं जुळवत होते. कचेरीतल्या माणसानं माझं सगळं ऐकून घेतलं, खिळ्याला लावलेल्या कागदांतून माझा कागद काढला आणि पुढे ठेवला. "ताई, हा ड आहे का द, तुम्हीच सांगा." मी पाहिलं. घाईत माझ्या ड ची दोन वळणं एक झाली होती आणि त्याला खाली छान शेपटी फुटली होती. मी स्वतः तो द वाचला असता. दुरुस्ती छापू म्हणाला, पण छोट्या जाहिराती मंगळवारी आणि रविवारीच. भंगारवाला शनिवारी येणार होता.

घरी येऊन मी आबांना सांगितलं, "प्रेसवाल्यांनी घोळ केला." हे मी त्यांच्याकडे न पाहता सांगितलं. ते म्हणाले, "होतं असं."

गादीवाले सोडून खरी गाडी घ्यायला दोघंच आले, तेही ऐकीव माहितीवर. पहिल्यानं उजवीकडचं दार उघडलं आणि विचारलं, "स्टेरिंग कुठं गेलं?" मग म्हणाला, हे इंजिन फेकून देऊ, जुनं डिझेल इंजिन टाकू, बाक कापू, आणि अंबड-जालना चौदा शीट मारू. आबा म्हणाले, "न्हाई." दुसरा जरा बऱ्या कपड्यातला होता. तोही उजवीकडेच गेला. त्याला ती ढाब्यासमोर विटांवर उभी करायची होती, शोभेला, आत दिवे लावून. आबा पुन्हा म्हणाले, "न्हाई." मी चिडले. म्हटलं, आबा, निदान तुकडे तरी होणार नाहीत. ते म्हणाले, "चाकं काढून उभी करायची म्हंजे काय निराळं हाय का?"

शनिवार उजाडला. आबांनी गाडी धुतली. मी म्हटलं, कापायची गाडी धुता कशाला. त्यांनी आणखी एक बादली ओतली. आई दोनदा जेवायला बोलवायला आली आणि दोनदा तशीच परत गेली. मी फाटकापाशी दगडावर बसून रस्ता पाहत होते. माझ्या एका शेपटीमुळे आज संध्याकाळी इथे गॅस कटर चालणार, हे मला धड गिळता येत नव्हतं आणि सांगताही येत नव्हतं.

दुपारी दोनला एक रिक्षा थांबली आणि तिच्यातून एक म्हातारे गृहस्थ उतरले. पांढरी दाढी, जाळीची टोपी, खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवीतून बाहेर डोकावणारी गादी शिवायची हातभर लांब सुई. ती सुई पाहिली आणि माझ्या डोक्यात काहीतरी सटकलं.

"सलाम बेटी," ते म्हणाले. "जालन्याहून आलो. गादीचा कारखाना हाय आमचा, बापजाद्यापासून रुई पिंजून राह्यलो. पेपरात देखलं, अमेरिकेची गादी. म्हटलं, घेऊ न घेऊ, एकदा हात लावून तर देखू. ते लोक आत भरतात काय, ते मालूम करायचं होतं."

चार दिवस मी प्रत्येकाशी शुद्ध बोलत होते. ते सगळं शुद्ध त्या क्षणी गळून पडलं. "गादी न्हाई हो चाचा, गाडी हाय गाडी! ड चा द झालाय. अन् प्रेसवाल्यांची काही चूक न्हाई, माझी चूक हाय, माझंच अक्षर घाण हाय. आता संध्याकाळी कापतील तिला, मंग भरा तुम्ही काय भरायचं ते."

बोलून झालं आणि मागे पाहिलं तर आबा उभे. फडकं खांद्यावर, बाह्या वर केलेल्या. मला वाटलं आता जमिनीनं पोटात घ्यावं. आबा म्हणाले, "मंगळवारीच कळलं होतं मला. किराण्याच्या यादीत बी तू डाळीला दाळच लिहितीस. वाण्याला कळतं अन् मला कळत न्हाई व्हय?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू वाचून दाखवत होतीस ना खुशीत." एवढं म्हणून ते चाचांकडे वळले. "आलेच आहात तर चहा घेऊन जा. या, सावलीत या."

शेडमध्ये गाडी अंगरख्याविना उभी होती, धुतलेली, ओली, तिच्या दुधाळ छपरावरून अजून एखादा थेंब ओघळत होता. चाचा चार पावलं आत आले आणि थांबले. त्यांनी पिशवी खांद्यावरून काढली आणि न बघताच माझ्या हातात दिली. मग ते सरळ चालत गाडीच्या डावीकडे गेले, दार उघडलं आणि आत बसले.

डावीकडे. मी आबांकडे पाहिलं, आबा माझ्याकडे. आठवडाभरात त्या गाडीपाशी आलेल्यांपैकी एकही माणूस आपणहून डावीकडे गेला नव्हता. आबांच्या खांद्यावरचं फडकं खाली पडलं आणि ते उचलायचं त्यांना सुचलं नाही. 

चाचांनी गिअरचा दांडा आधी आपल्याकडे ओढला, मग खाली घेतला. पुन्हा मधे आणला. आरशाला हात लावला, पण हलवला नाही. "चाबी?" त्यांनी विचारलं.

आबांनी किल्ली कधी कुणाच्या हातात दिलेली मी पाहिली नव्हती. त्या दिवशी दिली.

इंजिन लागलं. ते आठ सिलिंडरचं इंजिन मोठा आवाज करत नसे, नुसतं खालून काहीतरी जागं झाल्यासारखं वाटायचं. दोघंही मान तिरकी करून ऐकत राहिले, एक आत, एक बाहेर. मिनिटभरानं चाचा म्हणाले, "एक सिलिंडर जरा मागं हाय."

"सहावं," आबा म्हणाले.

"हां, सहावंच."

"कुठं चलवली?"

"उधर, सौदीत. बारा साल. शेठची गाडी, अशीच, पण सफेद. पहिली दोन साल हाच दांडा होता, मंग बिना गिअरची आली. तिकडून आलो अन् बापाच्या गादीवर बसलो." ते हसले. "पोरं आता दुकान देखतात. म्हणतात, अब्बा तुम्ही आराम करा. किती आराम करायचा माणसानं?"

आबा धावत बंगल्यात गेले. पन्नाशीच्या माणसाला, तेही माझ्या वडिलांना, मी पहिल्यांदा धावताना पाहत होते. डॉक्टरसाहेब धोतर सावरत बाहेर आले. त्यांनी चाचांकडे पाहिलं, मग आबांकडे. "काय?" एवढंच विचारलं. आबांनी मान हलवली. डॉक्टरसाहेब शब्दाला जागले. चाचांना घेऊन आत गेले आणि चहा थंड व्हायच्या आत दोघं बाहेरही आले. व्यवहार कितीला झाला ते मला तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी गाडीच्या पुढच्या दिव्यावर हात ठेवून उभी होते आणि मला तो काढवत नव्हता.

तेवढ्यात, सांगितल्या वेळेच्या आधीच, भंगारवाल्याचा टेम्पो फाटकात आला, मागे गॅसचे सिलिंडर खडखडत. मी पुढे होऊन, माझ्या आयुष्यातला सर्वांत गोड आवाज काढून त्याला सांगितलं की गादी विकली. तो गोंधळला. डॉक्टरसाहेबांनी त्याला चहा पाजला आणि एक लोखंडी पलंग देऊन वाटेला लावलं. पलंगाचे तुकडे करायची गरज पडली नाही.

चाचांना गाडी लगेच न्यायची होती. आबांना सोबत जायचं होतं, ब्रेक जरा डावीकडे ओढतो, तिसऱ्या गिअरला आधी थोडं थांबावं लागतं, अशा शंभर गोष्टी सांगायच्या होत्या. मलाही जायचं होतं, कचेरीत जाऊन दुरुस्ती रद्द करायला, असं मी म्हटलं. खरं म्हणजे मला कुणी घरी बसवलं असतं तर मी गाडीमागं पळत गेले असते. आबा सवयीनं डाव्या दाराशी गेले. तिथे चाचा बसलेले. मग ते उजवीकडे, पुढच्या बाकावर बसायला निघाले.

"ना ना," चाचा म्हणाले. "पुढं बसलात तर तुम्ही माझा हात पकडसाल. मला मालूम हाय डायवर लोक. तुम्ही मागं बसा, बेटीसंगं."

आबा उभेच राहिले. "मागं कशाला? पुढं ठीक हाय मी."

"पुढं सामान ठेवायचं हाय," चाचा म्हणाले आणि जॅक, पाना, पोत्यांचा अंगरखा, माझ्या हातातली पिशवी, जे दिसेल ते घेऊन त्यांनी पुढचा बाक भरून टाकला.

डॉक्टरसाहेब ओट्यावरून पाहत होते. आबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. डॉक्टरसाहेब दोन पायऱ्या खाली उतरून आले. आबांनी चपला काढल्या, त्या हातात घेतल्या आणि मागे बसले. मी म्हटलं, चपला घाला की. ते म्हणाले, "राहू दे."

अंबडच्या बाजारातून गाडी निघाली तेव्हा लोक थांबून पाहायला लागले. नेहमीच पाहत, पण आज वेगळं पाहत होते, कारण इम्पालाच्या मागच्या काचेत आबा होते. कोर्टासमोर एकानं हात केला. आबांनी उलट हात केला नाही, ते रस्ता पाहत होते. पाठ सीटला टेकवली नव्हती. दोन्ही हात पुढच्या बाकाच्या पाठीवर. प्रत्येक खड्ड्याला त्यांचा उजवा पाय खाली दाबला जायचा, ब्रेक शोधत. मी हसले तर म्हणाले, "हसतीस काय, तो टँकर पाहिलास का?" टँकर अर्धा किलोमीटर लांब होता.

गाव मागे पडलं. चाचांनी तिसरा गिअर टाकला, टाकण्याआधी बरोबर तेवढंच थांबले. आबांनी ते ऐकलं. हळूहळू त्यांचे हात पुढच्या बाकावरून खाली आले. मग पाठ टेकली. मग ते सीटच्या कापडावरून तळवा फिरवायला लागले, वरून खाली, खालून वर. ते कापड ते बावीस वर्षं झटकत होते, पण ते अंगाखाली असं असतं हे त्यांना माहीत नव्हतं. खिडकीतून ऊस जात होता, कापूस जात होता. "इथून सगळं दिसतं," ते म्हणाले. मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "पुढून नुसता रस्ताच दिसतो." मी इतकी खूश होते की मला राग आल्यासारखा वाटत होता, कुणावर ते कळत नव्हतं.

गोलापांगरीच्या अलीकडे चाचांनी गाडी लिंबाखाली घेतली आणि बंद केली. उतरले, वळसा घालून आबांच्या बाजूला आले, आबांचं दार उघडलं आणि ते धरून बाजूला उभे राहिले.

"काय झालं?" आबा आतूनच म्हणाले. "पंचर हाय का?"

"काही न्हाई. उतरा."

आबा तसेच. दार कशासाठी धरलंय हे त्यांच्या लक्षातच येत नव्हतं. त्यांनी चाकाकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"अहो डायवरसाब," चाचा म्हणाले, "आयुष्यभर दुसऱ्यांसाठी खोललं असंन. आज तुमच्यासाठी कुणी खोलून राह्यलं तर उतरा की आरामात."

आबांनी चपला खाली टाकल्या, त्यात पाय घातले आणि उतरले. नीट ताठ उतरले, डॉक्टरसाहेब उतरत तसे, दाराच्या वरच्या कडेला हात न लावता. दोघं ड्रायव्हर तिथे रस्त्याच्या कडेला क्षणभर एकमेकांसमोर उभे राहिले. मग आबांनी विचारलं, "तुम्ही कधी बसलात मागं? तिकडं?"

"बारा सालात?" चाचा हसले. "एकदा बी न्हाई."

आबांनी दाराची मूठ चाचांच्या हातातून आपल्या हातात घेतली. दार पूर्ण उघडलं आणि थोडं वाकले. चाचा नको नको म्हणाले, मग म्हणाले नाहीत. टोपी सारखी करून आत माझ्याशेजारी बसले. आबांनी दार लावलं, ते तळव्यानं दाबून लावावं लागायचं, आपटून नाही. मग वळसा घालून डावीकडे गेले, आपल्या जागी बसले, आरसा एवढासा हलवला आणि बावीस वर्षं जे विचारायचे तेच विचारलं.

"निघायचं का, साहेब?"

मी चाचांकडे पाहिलं. ते समोर बघत होते, डोळे भरलेले, दोन्ही हात पुढच्या बाकाच्या पाठीवर. गाडी अजून हललीही नव्हती आणि त्यांचा उजवा पाय खाली ब्रेक शोधत होता.